जोशी मास्तरांचा मुलगा

यंदाच्या चार फेब्रुवारीला आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी सातच्या आत भीमसेनजींचे पाच फोटो येऊन पडले. चार फेब्रुवारी हा पंडित भीमसेन जोशी यांचा जन्मदिवस. जन्म १९२२ चा. फोटोंखाली नेहमीचीच गोष्ट होती. अकरा वर्षांचा मुलगा गाणं शिकायला घरातून पळाला, खिशात दमडी नसताना आगगाडीनं देशभर फिरला आणि पुढे भारतरत्न झाला. त्याखाली आमच्यातल्याच एका माजी मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, "वेड असावं तर असं!" त्यावर वीस-पंचवीस जणांनी हात जोडले. मीही जोडणार होतो, पण बोट थांबलं. मनात आलं, या गटातल्या सगळ्यांची मिळून हजारेक वर्षं तरी मास्तरकी झाली असेल. असं वेड घेऊन एखादं पोर आपल्या वर्गात बसलं होतं, तेव्हा आपण काय केलं?

इतरांचं मला माहीत नाही. मी काय केलं ते सांगणार आहे. पण त्याआधी थोडं भीमसेनजींविषयी. कारण त्यांच्या गोष्टीतला एक माणूस आपण दरवेळी वगळतो, आणि तो माणूस आपल्याच पेशातला होता.

मी काही गाण्यातला जाणकार नाही. अकोल्यासारख्या तालुक्याच्या गावी, तेही साठ-सत्तरच्या दशकात, शास्त्रीय संगीत कुठून कानावर पडणार? पण गाणं नव्हतं असंही नाही. अगस्ती ऋषींच्या देवळात भजन होतं, गावोगावी सप्ताह होते, पहाटेचा काकडा होता. डोंगरातल्या ठाकरवाड्यांवर त्यांची स्वतःची गाणी आणि नाच होते. पखवाजावर थाप पडली की आमच्या तालुक्यातला माणूस हातातलं काम ठेवून मान वर करतो. त्याला राग कळत नाही, पण सूर हलला तर ते मात्र लगेच कळतं. जुन्या भजनी मंडळातले म्हातारे चुकलेल्याकडे नुसतं बघायचे. ते बघणं पुरेसं व्हायचं.

भीमसेनजी आमच्यापर्यंत पोचले ते या वाटेनं. पुणे आकाशवाणीसाठी राम फाटकांनी नामदेवांच्या एका अभंगाला चाल लावली आणि तो भीमसेनजींनी गायला. पुढे श्रीनिवास खळ्यांच्या चाली आल्या, 'संतवाणी'चे कार्यक्रम आले, कॅसेटी आल्या. अभंग आमचेच होते, तोंडपाठ होते. पण हा माणूस ते असे काही गायचा की वाटायचं, आपण रोज ज्या वाड्यात राहतो त्याला आतून आणखी एक दालन होतं आणि ते आज उघडलं. त्या दालनातून आमच्यातले काही जण पुढे रागापर्यंत गेले. यमन म्हणजे काय, तोडी म्हणजे काय, हे कुणी शिकवलं नाही. अभंगाच्या अलीकडे-पलीकडे त्यांचा जो आलाप असायचा, त्याचं बोट धरून आम्ही गेलो.

मग १९८६ च्या डिसेंबरात एका सहकाऱ्याबरोबर मी पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो. एसटीनं संगमनेर, तिथून दुसऱ्या गाडीनं पुणे. रजेचा अर्ज 'घरगुती कामासाठी' असा दिला होता. तेव्हा महोत्सव रात्र-रात्र चालायचा. मैदानावर हजारो माणसं सतरंज्या टाकून, कानाला मफलर गुंडाळून बसलेली. उत्सवाचे यजमान स्वतः भीमसेनजी. आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी १९५३ पासून तो चालवला होता. शेवटच्या सकाळी समारोपाचं गाणंही त्यांचंच. ते बसले, तंबोरे लागले, आणि त्यांनी षड्ज लावला. राग मला ओळखता आला नाही, शेजारच्या गृहस्थांनी 'तोडी' म्हणून कानात सांगितलं. एकेक सूर घेऊन, त्याच्यापाशी बसून, मग पुढच्याकडे जायचं अशी ती किराणा घराण्याची चाल. कुठं घाई नाही. आणि पुढे ताना सुरू झाल्या तेव्हा त्या माणसाचं सगळं अंग गात होतं. खांदे, हात, कपाळावरची शीर, सगळंच. मी डोळे पुसत होतो आणि शेजारचे गृहस्थही पुसत होते, त्यामुळे लाज वाटली नाही.

हे साल लक्षात ठेवा. डिसेंबर १९८६. पुढे त्याचं काम आहे.

आता त्या वगळलेल्या माणसाविषयी.

भीमसेनजींचे वडील गुरुराज जोशी हे गदगला शाळामास्तर होते. संस्कृत-कानडीचे विद्वान, घरात मुलं पुष्कळ. भीमसेन सगळ्यांत थोरला. आई भजनं छान म्हणायची. हा मुलगा अगदी लहान असल्यापासून गाण्याच्या मागे जायचा. रस्त्यावरून भजनाची दिंडी निघाली, वरातीचा बँड निघाला की हा त्याच्या मागोमाग. जिथं पाय दुखतील तिथं बसायचा आणि बसल्या जागी झोपी जायचा. घरी शोधाशोध, पोलिसांत वर्दी! हे एकदा नव्हे, वारंवार. शेवटी मास्तरांनी त्यावर एक उपाय काढला. मुलाच्या सदऱ्यावर त्यांनी लिहून ठेवलं, 'जोशी मास्तरांचा मुलगा'. मग हा कुठंही झोपलेला सापडला की लोक सदरा वाचून त्याला घरी आणून सोडू लागले.

भीमसेनजी गेले २४ जानेवारी २०११ ला. त्यानंतर वर्तमानपत्रांतून जे लेख आले, त्यांत ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली. बाकी सगळे हसले असतील. मी पेपर खाली ठेवला.

कारण त्या उपायाकडे मास्तर म्हणून बघा. मुलगा पळतो, तर त्याला कोंडून ठेवता आलं असतं. बडवता आलं असतं. १९२०-३० च्या काळात, कर्मठ घरात, मास्तराच्या पोराला बडवलं म्हणून कुणी नाव ठेवलं नसतं. आणि कधी बडवलं नसेलच असंही मी म्हणत नाही. पण जो उपाय लोकांच्या लक्षात राहिला तो वेगळाच होता. तो उपाय काय सांगतो? 'हा जाणार. जाऊ नको म्हणून थांबणार नाही. तर मग तो सुखरूप घरी कसा येईल एवढं मी बघतो.' मुलाचं जाणं त्यांनी गृहीत धरलं आणि येण्याची सोय केली.

पुढची गोष्ट सर्वांना माहीत आहे. अब्दुल करीम खाँ साहेबांची झिंझोटीतली ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकली आणि पोराच्या डोक्यात बसलं की असं गाता आलं पाहिजे. १९३३ साली, अकराव्या वर्षी घर सोडलं. त्याला निमित्त जेवणावरच्या तुपाचं झालं असं सांगतात. डब्यातल्या प्रवाशांना गाणं ऐकवत, त्यांनी दिलेलं खात प्रवास. ग्वाल्हेरला सरोदवादक हाफिज अली खाँ साहेबांच्या मदतीनं तिथल्या संगीत विद्यालयात काही काळ, मग आणखी कुठं कुठं, आणि शेवटी पार पंजाबात जालंधर. तिथं विनायकबुवा पटवर्धन भेटले. ते म्हणाले की सवाई गंधर्व तुझ्याच मुलखात असताना तू इतक्या लांब कशाला आलास? वडील तोवर शोध घेतच होते. ते जालंधरला पोचले आणि मुलाला घरी घेऊन आले.

इथं थांबून विचार करा. दोन-तीन वर्षं परागंदा झालेला मुलगा हाती लागलाय. आपण काय म्हटलं असतं? 'झाली तेवढी शोभा पुरे, आता शाळेत बस.' मी तर नक्कीच म्हटलं असतं. पण तसं झालं नाही. १९३६ साली हा मुलगा कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांच्या घरी शिष्य म्हणून राहिला. तिथं पाणी भरलं, गुरूंच्या घरची पडेल ती कामं केली आणि सुमारे पाच वर्षं गाणं घेतलं. सवाई गंधर्व स्वतः अब्दुल करीम खाँ साहेबांचे शिष्य. म्हणजे ज्या आवाजासाठी पोरगं पळालं होतं, तो आवाज ज्यांच्या गळ्यात उतरला होता, त्यांच्याच दारात ते सरळ मार्गानं पोचलं. पळून जाऊन पोचलं नाही, हे लक्षात घ्या. घरी परत आल्यावर पोचलं.

आपण मात्र गोष्ट सांगताना पळण्यावर टाळ्या देतो. मला वाटतं, ही गोष्ट पळण्याची नाहीच. ती परत आणण्याची आणि परत आणल्यावर पुन्हा जाऊ देण्याची आहे.

आता माझं.

१९८७ चा फेब्रुवारी. सवाईहून येऊन मला दोनच महिने झाले होते. तोडी अजून कानात होती. त्या वर्षी माझ्याकडे आठवीचा वर्ग होता, पट साठाच्या वर. त्यात राजूरच्या पलीकडच्या एका वाडीवरचा मुलगा होता. वसतिगृहात राहायचा. अभ्यासात बेताचा, पण आवाज! प्रार्थनेला तो उभा असला की बाकीची पोरं नकळत आवाज कमी करायची. तालुक्यात कुठं सप्ताह बसला की हा गायब. भजनी मंडळाच्या मागे मागे जायचा, टाळ धरायचा, मिळेल ते खायचा आणि चार दिवसांनी उगवायचा. महाशिवरात्रीच्या सुमाराला असाच गेला. वसतिगृहाचे लोक घाबरले, आम्ही दोघे शिक्षक सायकलींवर शोधायला निघालो. दुसऱ्या दिवशी पहाटे एका गावात देवळाच्या मंडपात तो सापडला. पखवाजाच्या खोळीवर डोकं ठेवून गाढ झोपला होता.

मी त्याला शाळेत आणून सगळ्या वर्गासमोर पाच छड्या मारल्या. मग त्याच्या वडिलांना बोलावणं धाडलं.

वडील एका दिवसाची मजुरी बुडवून आले. टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले. मी पोराच्या गैरहजेरीचे दिवस मोजून सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "सर, समदी म्हणत्यात पोराचा गळा चांगलाय. त्याचं काय व्हईल का?"

मी म्हणालो, "गाण्यानं पोट भरत नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते आधीच ठाऊक होतं. त्यांनी मला विचारलं होतं ते या आशेनं, की शिकलेला माणूस काही वेगळं सांगेल. उन्हाळ्याच्या सुटीनंतर मुलगा शाळेत आला नाही. मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शाईनं रेघ मारली. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९८८ ला, दूरदर्शनवर 'मिले सुर' पहिल्यांदा लागलं. त्याची सुरुवात भीमसेनजींच्या आवाजानं होते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी मोठ्या अभिमानानं मुलांना सांगितलं की या माणसाला मी समोर बसून ऐकलंय! त्या वेळी मला त्या रिकाम्या जागेची आठवणसुद्धा झाली नाही. हे जास्त वाईट.

तो पुन्हा भेटला २०१९ साली, एका सप्ताहात. मी श्रोत्यांत बसलो होतो. चाळिशी उलटलेला, पुढचे केस विरळ झालेला एक माणूस अभंग म्हणत होता. चाल भीमसेनजींची. आवाज अजून मोठा होता, पण खरखरीत झालेला. एका ठिकाणी त्यानं तान घेतली आणि ती मध्येच सोडून दिली. ज्यांनी थोडंफार ऐकलंय त्यांना कळलं असतं, की त्याला ती जागा दिसत होती, पण तिथवर जायचा रस्ता त्याला कुणी दाखवलेला नव्हता. कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याकडे आला, पाया पडला. "सर, वळखलं का?" मी ओळखलं. टेम्पो चालवतो म्हणाला. हंगामात टोमॅटोच्या खेपा. मी काही बोलायच्या आत तोच हसून म्हणाला, "सर, तुम्ही बरोबरच बोलला व्हता. गाण्यानं नाही भरत पोट. टेम्पोनं भरलं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

आता यावर कुणी म्हणेल, आणि आमच्या गटात हे लिहिलं असतं तर नक्की म्हणाले असते, की सर, तुम्ही उगीच मनाला लावून घेता. प्रत्येक गाणारं पोर काही भीमसेन होत नाही. साठ पोरांचा वर्ग सांभाळायचा तर शिस्त लागते. त्या मुलाला काही झालं असतं तर जबाबदारी तुमचीच होती. हे सगळं खरं आहे. मी हा युक्तिवाद स्वतःशी पुष्कळ वर्षं केलेला आहे. पण त्यात एक गफलत आहे. आपला मुलगा भीमसेन जोशी होणार आहे हे गुरुराज मास्तरांना तरी कुठं ठाऊक होतं? त्यांच्यासमोर होतं ते फक्त रस्त्याकडेला झोपलेलं, धुळीनं भरलेलं एक पोर. सदऱ्यावर नाव लिहायला मुलगा थोर निघण्याची अट नसते. पोर कशामागे जातंय एवढं बघायचं, आणि ते सुखरूप परत येईल अशी व्यवस्था करायची. माझा मुलगा टेम्पोच चालवणार असेल तर चालवू दे. पण ती तान पुरी करून चालवली असती, तर कुणाचं काय बिघडलं असतं?

छडी मारल्याचं दुःख आहेच. त्याहून मोठं आहे ते त्या एका वाक्याचं. 'पोट भरत नाही' हे उत्तर खोटं नव्हतं. पण त्या बापानं पोटाचं विचारलंच नव्हतं. त्यानं गळ्याचं विचारलं होतं.

आज परिस्थिती बदलली आहे का? कागदावर थोडी बदलली आहे. गेली काही वर्षं शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, लोककलांनाही मिळतात. हेतू चांगला आहे. पण मी पाहतो ते असं, की ज्यांच्या घरी पेटी आणि क्लासची फी आहे, ती मुलं गुणांपुरतं शिकतात आणि दहावीनंतर पेटी माळ्यावर जाते. आणि वाडीवरच्या ज्या मुलीचा आवाज ऐकून थांबावं, तिला त्या परीक्षेचं नावही कुणी सांगत नाही. वेळापत्रकात कलेचा तास आहे, पण तो गणिताच्या सरांनी सराव परीक्षेसाठी मागून घेतलेला असतो. मीही मराठीच्या व्याकरणासाठी तो कित्येकदा मागून घेतला आहे. जिथं पखवाजाशिवाय एक सप्ताह होत नाही, त्या तालुक्यात शाळेत गाणं शिकवणारा माणूस शोधावा लागतो. भजनी मंडळातल्या एखाद्या जाणत्या माणसाला आठवड्यातून एक तास शाळेत बोलावलं तर कुठला नियम आड येतो, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या सप्ताहात तो टेम्पोवाला जाता जाता म्हणाला, "सर, धाकटी पोरगी गाते. सातवीत आहे. कुठं शिकवू?" बत्तीस वर्षांनी तोच प्रश्न, बापाऐवजी मुलाच्या तोंडून. या वेळी मी पोटाचं बोललो नाही. संगमनेरला एक गायन शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे दर शनिवारी तिचं जाणं ठरवलं. मी केलं ते एवढंच. शनिवारी दुपारी अकोल्याच्या स्टँडवर तिला गाडीत बसवून द्यायचं, कंडक्टरला सांगून ठेवायचं आणि संध्याकाळी उतरवून घेऊन वाडीकडच्या गाडीत बसवायचं. काही महिने चाललं. मग मार्च २०२० मध्ये एसटीही बंद झाली आणि क्लासही. तो सुटला तो सुटलाच. ती आता नर्सिंगला आहे. गाते. यमन पुरा येतो तिला, एवढं मी ऐकलंय.

ही काही यशाची गोष्ट नाही, आणि तिनं माझी जुनी बाकी फिटते असंही मी मानत नाही.

भीमसेनजींना २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झालं. पुण्याच्या महोत्सवाला आता त्यांच्या गुरूंबरोबर त्यांचंही नाव जोडलेलं आहे. त्यांची स्मृती पुण्या-मुंबईत उत्तम जपली जाईल, त्याची काळजी नाही. मला सांगायचंय ते माझ्यासारख्या गावोगावच्या मास्तरांना, जे अजून नोकरीत आहेत त्यांना. पुढच्या चार फेब्रुवारीला फोटो पाठवू नका, हारही घालू नका. परिपाठाला वर्गातल्या एका मुलाला किंवा मुलीला पुढे बोलवा आणि गायला सांगा. अभंग असो, वाडीवरचं गाणं असो, काहीही. मध्ये थांबवू नका. ते पोर संपवेपर्यंत सगळ्या शाळेनं, आणि विशेषतः तुम्ही, गप्प बसून ऐका.

आणि एखाद्या दिवशी त्याचा बाप दारात उभा राहून तुम्हाला काही विचारील, तेव्हा तो नेमकं काय विचारतोय ते नीट ऐकून घ्या. मग उत्तर द्या.